कुठूनही रेषा ओढा, चुकणारच: हंगेरी, रोमानिया आणि ट्रान्सिल्व्हेनियाचा तंटा

रोमानियाचा नकाशा समोर घ्या आणि अंदाजे मधोमध बोट ठेवा. बोट पडेल ते कार्पेथियन डोंगरांच्या आतल्या वळणात, ब्राशोव शहराच्या थोडं वर. हंगेरीची सीमा इथून जवळपास तीनशे किलोमीटर लांब. तरी या भागातल्या हर्गिता जिल्ह्यात शंभरातले सुमारे 85 लोक हंगेरियन आहेत आणि शेजारच्या कोवास्नात 70 च्या वर. शाळेत हंगेरियन, बाजारात हंगेरियन, चर्चमध्येही हंगेरियन. आता बोट पश्चिमेकडे सरकवा. हंगेरी जवळ येईल तशी हंगेरियन वस्ती दाट होत जावी, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. मधला सगळा पट्टा बहुतांशी रोमानियन आहे.

या दोन देशांचं भांडण समजून घ्यायचं असेल तर आधी हे चित्र डोक्यात पक्कं करावं. कोणाचे पूर्वज आधी आले, कोणी कोणाला छळलं, कुठल्या तहात काय लिहिलं, हे नंतर बघता येईल. ट्रान्सिल्व्हेनियात माणसं अशी सरमिसळ होऊन राहिली की दोघांनाही पटेल अशी सीमा आखणं शक्यच नव्हतं. 1920 मध्ये एक रेषा ओढली गेली, 1940 मध्ये दुसरी. दोन्ही वेळा लाखो माणसं त्यांच्या मते चुकीच्या बाजूला पडली.

सरमिसळ झाली कशी

हंगेरियन टोळ्या 895 च्या आसपास कार्पेथियन डोंगर ओलांडून आल्या आणि सन 1000 च्या सुमारास इश्तवान पहिला याच्या राज्याभिषेकानं हंगेरीचं ख्रिस्ती राज्य उभं राहिलं. ट्रान्सिल्व्हेनिया म्हणजे या राज्याचा पूर्वेकडचा, डोंगरांनी वेढलेला भाग. पलीकडून भटक्या टोळ्यांचे हल्ले व्हायचे, म्हणून राजांनी तिथे राखणीला माणसं वसवली. सेकेई हे हंगेरियन बोलणारे लढवय्ये थेट पूर्वेच्या टोकाला बसवले गेले. हर्गिता-कोवास्नातले आजचे हंगेरियन त्यांचेच वंशज. बाराव्या शतकात जर्मन बोलणारे सॅक्सन आणले गेले. त्यांनी ब्राशोव आणि सिबिउसारखी तटबंदीची शहरं भरभराटीला आणली. आणि रोमानियन? ते डोंगरउतारांवर आणि खेड्यांत होते. मेंढ्या राखायचे, पुढे बहुतेक जण जमीनदारांचे कूळ झाले. अठराव्या शतकापर्यंत संख्येनं तेच सर्वांत जास्त होते, यावर फारसा वाद नाही.

संख्या होती, हक्क नव्हता. 1437 मध्ये शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. त्यात हंगेरियन आणि रोमानियन दोन्ही कुळं होती. ते मोडायला हंगेरियन सरदार, सॅक्सन आणि सेकेई यांनी आपसांत करार केला आणि पुढची काही शतकं ट्रान्सिल्व्हेनियाचा कारभार या ‘तीन राष्ट्रां’च्या हाती राहिला. 1568 मध्ये तोर्दा गावी धर्मस्वातंत्र्याचा ठराव झाला. त्या काळच्या युरोपात अशी उदारता दुर्मीळ होती आणि हंगेरियन लोक तिचा आजही अभिमान बाळगतात. या परंपरेतून कॅथलिक, लुथेरन, कॅल्व्हिनिस्ट आणि युनिटेरियन असे चार पंथ मान्यताप्राप्त ठरले. रोमानियनांचा ऑर्थोडॉक्स पंथ त्यात नव्हता. त्याला फक्त चालवून घेतलं जायचं. घरात राहायची परवानगी, पण पंगतीत पाट नाही!

ही अपमानाची आठवण पुढच्या सगळ्या राजकारणाच्या मुळाशी आहे. 1784 मध्ये होरेआ नावाच्या कुळाच्या नेतृत्वाखाली पश्चिमेच्या डोंगरात उठाव झाला, जमीनदारांचे वाडे जळले. तो मोडल्यावर होरेआ आणि त्याचा साथीदार क्लोश्का यांना आल्बा युलियात चाकावर बांधून, हाडं मोडून मारण्यात आलं. कुळांच्या गावांतून लोकांना हा देहदंड बघायला मुद्दाम आणवलं होतं. 1791 मध्ये रोमानियन धर्मगुरू आणि शिकल्या-सवरल्या लोकांनी व्हिएन्नाच्या सम्राटाकडे रीतसर अर्ज केला: आम्हाला चौथं राष्ट्र माना. अर्ज फेटाळला गेला.

‘आधी कोण आलं?’

हा प्रश्न दोन्हीकडे हिरिरीनं विचारला जातो, म्हणून थोडक्यात. रोमानियन बाजू सांगते: सम्राट त्राजाननं सन 106 मध्ये इथलं डाकिया राज्य जिंकलं, रोमन आणि डाकियन मिसळले, त्यातून आम्ही झालो आणि तेव्हापासून इथेच आहोत, आमची भाषा लॅटिनमधून आली हाच पुरावा. हंगेरियन बाजू म्हणते: 275 पर्यंत रोमन सैन्य डॅन्यूबच्या दक्षिणेला परतलं, त्यानंतर कित्येक शतकं इथे लॅटिन बोलणाऱ्यांची लेखी नोंद सापडत नाही, तुमचे पूर्वज दक्षिणेकडून मेंढ्या घेऊन नंतर आले, तेव्हा आम्ही होतोच. हंगेरीच्या राजाच्या एका अनाम लेखनिकानं सन 1200 च्या आसपास लिहिलेल्या बखरीत, हंगेरियन आले तेव्हा इथे गेलोउ नावाचा रोमानियन सरदार होता, असं म्हटलंय. रोमानियन इतिहासकार ते शिरोधार्य मानतात, हंगेरियन इतिहासकार म्हणतात की लेखनिकानं तीनशे वर्षांनंतर ऐकीव आणि कल्पित गोष्टी घातल्या.

माझ्या मते विसाव्या शतकातल्या सीमेचा निकाल तिसऱ्या शतकातल्या मडक्यांवरून लावणं हा वेळेचा अपव्यय आहे. पण भावना काय थराला जातात त्याचा एक नमुना बघण्यासारखा आहे. 1986 मध्ये हंगेरियन विज्ञान अकादमीनं ट्रान्सिल्व्हेनियाचा तीन खंडी इतिहास प्रसिद्ध केला. तो खोटा आहे हे सांगायला रोमानियानं पुढच्या वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात दिली. तेव्हा हे दोन्ही देश वॉर्सा कराराचे सभासद होते, म्हणजे कागदोपत्री बंधुराष्ट्रं.

1848: एकाच क्रांतीत दोन स्वप्नं

1848 मध्ये युरोपभर क्रांतीची लाट आली. पेस्टच्या (आजच्या बुडापेस्टच्या) तरुणांनी व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग सम्राटाकडे ज्या मागण्या मांडल्या, त्यात वृत्तपत्रस्वातंत्र्य होतं, कायद्यापुढे समानता होती आणि शेवटची मागणी होती ट्रान्सिल्व्हेनियाचं हंगेरीत विलीनीकरण. (मधल्या काळात तुर्कांनी हंगेरी मोडली होती, ट्रान्सिल्व्हेनिया आधी सुलतानाला खंडणी देणारं वेगळं संस्थान झालं होतं आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून हॅब्सबर्गांकडे होतं.) हंगेरियन क्रांतिकारकांचा हिशेब सरळ होता: आम्ही कुळांना मुक्त करतोय, सगळ्यांना नागरिक करतोय, मग वेगळं राष्ट्र कशाला हवं?

रोमानियनांना नेमकं ते वेगळं राष्ट्र म्हणूनच मान्यता हवी होती. मे महिन्यात ब्लाज गावाबाहेरच्या माळावर त्यांचे हजारो लोक जमले आणि आम्हाला विचारल्याशिवाय विलीनीकरण नको, असा ठराव झाला. महिना संपायच्या आत विलीनीकरण मंजूर झालं. पुढे हंगेरियन आणि सम्राट यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा रोमानियन सम्राटाच्या बाजूनं उभे राहिले. आव्राम यांकु या तरुण वकिलानं डोंगरात फौज जमवली. दोन्हीकडून गावं जळाली. जानेवारी 1849 मध्ये नॉजएन्येद हे हंगेरियन कॉलेजचं गाव रोमानियन तुकड्यांनी जाळलं, शेकडो माणसं मेली. हंगेरियन फौजांनी रोमानियन खेड्यांत तेच केलं.

जुलै 1849 मध्ये हंगेरियन नेता लायोश कोशुत आणि रोमानियन क्रांतिकारक निकोलाए बल्चेस्कु यांनी समझोत्याचा मसुदा केला खरा. पण तोवर झारचं रशियन सैन्य आत घुसलं होतं आणि महिन्याभरात हंगेरियनांनी शरणागती पत्करली. 6 ऑक्टोबरला हंगेरियन फौजेच्या 13 सेनानींना आराद शहरात मृत्युदंड देण्यात आला.

आराद आज रोमानियात आहे. तिथे 1890 मध्ये या 13 जणांच्या स्मरणार्थ स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उभारला होता. शहर रोमानियाकडे गेल्यावर 1925 मध्ये तो उतरवला आणि त्याचे भाग अनेक दशकं बंदिस्त पडून राहिले. 2004 मध्ये तो पुन्हा उभा राहिला, पण एका अटीवर: त्याच चौकात समोर रोमानियन क्रांतिकारकांची कमान असायला हवी. चौकाचं नाव ठेवलं ‘समेट उद्यान’. आज दोन स्मारकं एकमेकांसमोर उभी आहेत.

सम्राटाची बाजू घेऊन रोमानियनांना काय मिळालं? जवळजवळ काही नाही. 1867 मध्ये सम्राटानं हंगेरियनांशीच तडजोड केली, ऑस्ट्रिया-हंगेरी असं दुहेरी राज्य झालं आणि ट्रान्सिल्व्हेनिया बुडापेस्टच्या ताब्यात गेलं. 1868 च्या कायद्यानं इतर भाषिकांना बरेच हक्क दिले होते, पण प्रत्यक्षात ते पाळले गेले नाहीत. मताधिकार मूठभर लोकांना होता. 1907 मध्ये शिक्षणमंत्री आल्बर्ट आप्पोन्यी यांनी कायदा केला की कुठल्याही भाषेच्या शाळेतल्या मुलाला चौथी संपेपर्यंत हंगेरियनमध्ये नीट बोलता-लिहिता आलं पाहिजे. खेड्यातल्या रोमानियन शाळा या अटीखाली दबल्या. आप्पोन्यींचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

इकडे डोंगरांच्या पलीकडे मोल्दाविया आणि वालाकिया ही दोन रोमानियन संस्थानं 1859 मध्ये एकत्र आली आणि 1878 मध्ये रोमानियाच्या स्वातंत्र्याला युरोपची मान्यता मिळाली. आता ट्रान्सिल्व्हेनियातल्या रोमानियनांना नजर लावायला एक देश होता.

लाल नकाशा आणि आगगाडीचा रूळ

पहिल्या महायुद्धात रोमानिया दोन वर्षं कुंपणावर बसून होता. 1916 मध्ये मित्रराष्ट्रांनी गुप्त करारात ट्रान्सिल्व्हेनिया देऊ केलं तेव्हा तो युद्धात उतरला, हरला, मे 1918 मध्ये वेगळा तह करून बाहेर पडला आणि युद्ध संपायला अक्षरशः एक दिवस उरला असताना पुन्हा उतरला. ऑस्ट्रिया-हंगेरी तोवर कोसळलं होतं. नोव्हेंबरमध्ये बुडापेस्टच्या नव्या सरकारतर्फे ओस्कार यासी आरादला आले आणि स्वित्झर्लंडसारख्या कॅन्टनांची, म्हणजे स्वायत्त प्रांतांची, योजना रोमानियन नेत्यांपुढे ठेवली. युलिउ मानिउ यांचं उत्तर एका ओळीचं होतं: आम्हाला पूर्ण फारकत हवी. वीस वर्षं आधी अशी योजना आली असती तर कदाचित त्यावर चर्चा झाली असती.

1 डिसेंबर 1918 रोजी आल्बा युलियात 1228 प्रतिनिधी आणि एक लाखाच्या आसपास लोक जमले आणि रोमानियाशी एकीकरण जाहीर झालं. तो आज रोमानियाचा राष्ट्रीय दिन आहे. त्या ठरावात इतर भाषिकांना आपल्या भाषेत शिक्षण, प्रशासन आणि न्याय मिळेल, असं वचनही होतं. हंगेरियन पुढारी ते वचन गेली शंभर वर्षं दाखवत आले आहेत.

त्यानंतरचं वर्ष गोंधळाचं. हंगेरीत बेला कुन यांचं कम्युनिस्ट सरकार आलं, रोमानियन सैन्याशी लढाई झाली आणि ऑगस्ट 1919 मध्ये रोमानियन फौजा थेट बुडापेस्टमध्ये शिरल्या. जाताना त्यांनी रेल्वेची इंजिनं, डबे, यंत्रं, धान्य नेलं. रोमानियन म्हणतात, आधी तुमच्या बाजूनं आमचा देश लुटला होता, ही भरपाई. ट्रान्सिल्व्हेनियातल्या वस्तूंसाठी ते राष्ट्रीय संग्रहालयातही जाणार होते. अमेरिकेचे जनरल हॅरी बँडहोल्ट्झ यांनी 5 ऑक्टोबरला जाऊन संग्रहालयाच्या दारांना सील लावली. हातात छडी धरलेला त्यांचा पुतळा आजही बुडापेस्टच्या स्वातंत्र्य चौकात आहे.

जानेवारी 1920 मध्ये हंगेरीचं शिष्टमंडळ पॅरिसला गेलं. प्रमुख होते तेच आल्बर्ट आप्पोन्यी. त्यांनी फ्रेंच, इंग्रजी आणि इटालियन अशा तीन भाषांत बाजू मांडली. मागणी होती सार्वमताची: लोकांना विचारा त्यांना कुठल्या देशात राहायचंय. मागणी रास्त होती, पण ज्या माणसानं तेरा वर्षांपूर्वी रोमानियन मुलांवर हंगेरियन लादली होती त्याच्या तोंडून ती आली. भूगोलतज्ज्ञ पाल तेलेकी यांनी सोबत एक नकाशा दिला. त्यात जिथे वस्ती विरळ तो भाग कोरा सोडलेला आणि हंगेरियन लोक ठसठशीत लाल रंगात. रोमानियन डोंगरात पांगून राहत असल्यामुळे त्यांचा बराचसा मुलूख पांढरा दिसतो आणि नजर आपोआप लाल ठिपक्यांवर जाते. नकाशात चूक एकही नाही, पण तो बघणाऱ्याला काय वाटावं हे नेमकं ठरवून काढलाय. राजकीय नकाशे कसे वाचावेत याचा धडा म्हणून तो अजून वापरता येईल.

उपयोग झाला नाही. 4 जून 1920 रोजी व्हर्सायच्या त्रियानों महालात तहावर सह्या झाल्या. क्रोएशिया धरून न बघताही हंगेरीनं दोनतृतीयांश भूभाग गमावला: 2 लाख 82 हजार चौरस किलोमीटरमधून 93 हजार उरले. एकट्या रोमानियाला 1 लाख 3 हजार मिळाले, म्हणजे उरलेल्या अख्ख्या हंगेरीपेक्षा जास्त. जुन्या ट्रान्सिल्व्हेनियासोबत पश्चिमेचा सपाट पट्टाही त्यात आला. 1910 च्या जनगणनेनुसार या मुलखात सुमारे 54 टक्के लोक रोमानियन बोलणारे होते, 32 टक्के हंगेरियन, 11 टक्के जर्मन. रोमानियन बहुमत होतं यात शंका नाही; पण सोळा-सतरा लाख हंगेरियनही सोबत गेले.

आता बारकावा बघा. सीमेलगतची सातु मारे, ओरादेआ आणि आराद ही शहरं हंगेरियन बहुसंख्येची होती; ओरादेआत तर नव्वद टक्के लोकांची भाषा हंगेरियन (यात हंगेरियन बोलणारे ज्यू बरेच). ती हंगेरीला चिकटूनच होती, मग गेली का? कारण त्यांना जोडणारा उत्तर-दक्षिण लोहमार्ग. तो रोमानियाला हवा होता आणि त्यातून रोमानिया-चेकोस्लोव्हाकिया जोडले जावेत असं फ्रान्सलाही वाटत होतं. शिवाय शहर हंगेरियन असलं तरी मागची खेडी रोमानियन होती. शहर एकाचं आणि भोवतालची खेडी दुसऱ्याची, हा पेच मराठी वाचकाला बेळगावमुळे ओळखीचा आहे. इथे तो आगगाडीच्या रुळानं सोडवला आणि पश्चिमेकडची रेषा वस्तीऐवजी लोहमार्गाच्या कलानं गेली. रास्त दुरुस्ती कुठे करता आली असती असं कोणी विचारलं तर मी याच पट्ट्याकडे बोट दाखवेन. सेकेई मुलखाचं मात्र तेव्हाही काही करता आलं नसतं, तो फारच आत होता.

हंगेरीत त्या दिवशी घंटा वाजल्या, दुकानं बंद राहिली. नोकऱ्या गेलेले अधिकारी, शिक्षक, रेल्वे कर्मचारी कुटुंबांसह आले आणि बुडापेस्टच्या स्थानकांवर मालगाडीच्या डब्यांत महिनोन्‌महिने संसार करून राहिले. ‘नाही, नाही, कधीच नाही’ ही घोषणा झाली. शाळेत मुलं रोज हंगेरीच्या पुनरुत्थानाची प्रार्थना म्हणू लागली. रोमानियात जमीनसुधारणा झाली. तिची गरज होती, पण मोठे जमीनदार हंगेरियन आणि भूमिहीन रोमानियन असल्यामुळे एकाला न्याय तो दुसऱ्याला सूड वाटला.

1940: हिटलरनं ओढलेली रेषा

1940 च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघानं रोमानियाकडून बेसारेबिया हा पूर्वेकडचा प्रांत घेतला. हंगेरीला वाटलं, हीच वेळ. युद्धाची चिन्हं दिसू लागली तेव्हा हिटलरला काळजी पडली ती प्लोयेश्तीच्या तेलविहिरींची, कारण त्याच्या सैन्याचं तेल तिथून यायचं. 30 ऑगस्टला व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर महालात जर्मनीचे रिबेनट्रॉप आणि इटलीचे चानो यांनी निवाडा सुनावला: ट्रान्सिल्व्हेनियाचा उत्तर भाग, सुमारे 43 हजार चौरस किलोमीटर, हंगेरीला. टेबलावर नकाशा उलगडला आणि रेषा कुठून जाते ते बघून रोमानियाचे परराष्ट्रमंत्री मिहाइल मानोइलेस्कु जागच्या जागी बेशुद्ध पडले. आठवड्याभरात राजा कारोल दुसरा याला सिंहासन सोडावं लागलं.

ती रेषा बघण्यासारखी आहे. सेकेई मुलूख हंगेरीत यावा म्हणून ती रोमानियाच्या पोटात लांबलचक पिशवीसारखी घुसते. मधे क्लुज शहर घेते, दक्षिणेकडचं ब्राशोव सोडते. एवढं करूनही हंगेरीच्या वाट्याच्या भागात दहा लाखांच्या वर रोमानियन होतेच आणि दक्षिणेत रोमानियाकडे चारेक लाख हंगेरियन राहिले. आणखी एक गंमत: सेकेई मुलखाकडे जाणारा जुना लोहमार्ग नव्या रेषेच्या पलीकडे राहिला, त्यामुळे मिळालेल्या मुलखात गाडीनं जाता येईना. हंगेरीला सेरेतफाल्वा ते देदा असा 48 किलोमीटरचा नवा मार्ग बांधावा लागला, तो 1942 अखेर सुरू झाला.

हंगेरियन सैन्य शिरलं तेव्हा बहुतेक ठिकाणी हंगेरियनांनी फुलं उधळली. त्रेझ्निया आणि इप या दोन खेड्यांत मात्र सप्टेंबर 1940 मध्ये रोमानियन गावकऱ्यांची कत्तल झाली. इपमध्ये दीडशेच्या वर लोक मारले गेले. चार वर्षांनी पारडं फिरल्यावर रोमानियन स्वयंसेवक टोळ्यांनी सेकेई खेड्यांत हंगेरियनांना मारलं. आणि या दोघांच्या भांडणात ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांचं सर्वांत वाईट झालं: 1944 च्या मे-जूनमध्ये हंगेरियन प्रशासनाच्या मदतीनं उत्तर ट्रान्सिल्व्हेनियातले सव्वा लाखाहून अधिक ज्यू आउश्वित्झला पाठवले गेले. ओरादेआ आणि क्लुजची हंगेरियन संस्कृती ज्यांनी मोठ्या प्रमाणावर जोपासली, तेच हे लोक.

युद्धात दोन्ही देश हिटलरच्या बाजूनं होते, हे विसरू नये. दोघांचीही फौज रशियात लढत होती आणि दोघांचाही एक डोळा ट्रान्सिल्व्हेनियावर होता: रोमानियाला वाटायचं जास्त रक्त सांडलं तर उत्तर भाग परत मिळेल, हंगेरीला वाटायचं मागे पडलो तर जाईल. ऑगस्ट 1944 मध्ये रोमानियानं बाजू बदलली, हंगेरीला ते जमलं नाही. 1947 च्या पॅरिस तहानं त्रियानोंचीच सीमा परत आणली. तीच आजची सीमा.

साम्यवादाखाली

स्टालिनच्या सांगण्यावरून 1952 मध्ये रोमानियानं सेकेई भागात हंगेरियन स्वायत्त प्रांत स्थापन केला. 1960 मध्ये त्याची सीमा बदलून हंगेरियन प्रमाण कमी केलं आणि 1968 मध्ये प्रांतच मोडला. क्लुजचं हंगेरियन बोल्याई विद्यापीठ 1959 मध्ये रोमानियन बाबेश विद्यापीठात विलीन झालं. हुकूमशहा चाउशेस्कुच्या काळात कारखाने उभे राहिले, त्यासोबत डोंगरापलीकडून रोमानियन कामगार आले आणि शहरांचा तोंडवळा बदलला. ओरादेआ रोमानियन झालं ते याच काळात. 1988 मध्ये त्यानं हजारो खेडी पाडून इमारती बांधायचा घाट घातला तेव्हा बुडापेस्टमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला.

चाउशेस्कुच्या शेवटाची सुरुवात झाली ती तिमिशोआरा शहरातल्या एका हंगेरियन धर्मगुरूच्या दारात. डिसेंबर 1989 मध्ये लास्लो त्योकेश यांना घरातून काढायला पोलीस येणार म्हणून त्यांच्या चर्चचे लोक जमले, मग शेजारचे रोमानियन जमले आणि दोन दिवसांत शहर रस्त्यावर आलं.

तीन महिन्यांनी, 19 आणि 20 मार्च 1990 रोजी, तिर्गु मुरेश शहरात हेच दोन समाज काठ्या आणि कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर धावले. ठिणगी होती हंगेरियन शाळांच्या मागणीची. किमान 5 जण मेले, लेखक आंद्राश श्युतो यांचा एक डोळा गेला. चौकात जमिनीवर पडलेल्या माणसाला लोक बेदम मारताहेत, हे दृश्य जगभरच्या टीव्हीवर दाखवलं गेलं आणि सांगितलं गेलं की रोमानियन जमाव हंगेरियन माणसाला मारतोय. मार खाणारा रोमानियन होता. दोन्ही समाजांत ही फीत आजही पुराव्यादाखल दाखवली जाते, प्रत्येकाचा निष्कर्ष वेगळा.

मग युगोस्लाव्हिया का झाला नाही

तेव्हा अनेकांना तीच भीती होती. ती टळली याचं पहिलं कारण आमिष: दोघांनाही नाटो आणि युरोपीय संघात जायचं होतं, आणि शेजाऱ्याशी सीमेचं भांडण असेल तर दार उघडणार नव्हतं. सप्टेंबर 1996 मध्ये तिमिशोआरात मैत्रीकरार झाला, हंगेरीनं सीमा मान्य केली आणि रोमानियानं अल्पसंख्याकांच्या हक्कांची हमी दिली. दुसरं कारण रोमानियातल्या हंगेरियनांचा पक्ष. त्याच वर्षी तो बुखारेस्टच्या सत्तेत बसला आणि तेव्हापासून डावे असोत की उजवे, अनेक आघाड्यांत त्याची मंत्रिपदं राहिली. पाच-सहा टक्के मतांचा पक्ष सरकार टिकवण्यासाठी लागतोच, आणि बदल्यात शाळा, पाट्या, निधी मिळतो. कंटाळवाणं राजकारण, पण माणसं मरत नाहीत.

2001 च्या कायद्यानं ज्या गावात अल्पसंख्याक 20 टक्क्यांच्या वर असतील तिथे त्यांची भाषा कार्यालयात आणि पाट्यांवर वापरायचा हक्क आला. आता भांडण त्या टक्क्याचं असतं. क्लुजमध्ये हंगेरियन 2002 च्या जनगणनेत 19 टक्के निघाले. या शहराचा 1992 ते 2004 चा महापौर गेओर्गे फुनार यानं बाकडी आणि कचरापेट्यासुद्धा रोमानियन झेंड्याच्या निळ्या-पिवळ्या-लाल रंगात रंगवल्या होत्या. मुख्य चौकातल्या राजा मात्याशच्या पुतळ्यासमोर त्यानं रोमन अवशेष शोधायला खड्डे खणवले. मात्याश हंगेरीचा सर्वांत लोकप्रिय राजा, क्लुजमध्येच 1443 मध्ये जन्मला, आणि त्याच्या वडिलांचं घराणं मूळ रोमानियन, त्यामुळे रोमानियनही त्याला आपला म्हणतात. एकाच पुतळ्यावर दोघांचा दावा, आणि खड्डे करदात्यांच्या पैशातून!

स्वायत्ततेचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. सेकेई संघटना स्वायत्तता मागतात आणि सांगतात की आम्हाला वेगळा देश नकोय. बहुतेक रोमानियनांना ती फुटीची पहिली पायरी वाटते. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात देश ‘एकात्म आणि अविभाज्य’ असल्याचं लिहिलंय. मला दोघांचीही भीती समजते, पण देशाच्या मधोमध असलेला आणि आकसत चाललेला समाज फुटून जाईल कुठे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. 2021 च्या जनगणनेत रोमानियातले हंगेरियन जेमतेम दहा लाख भरले. दहा वर्षांपूर्वी ते बारा लाखांच्या वर होते.

बुडापेस्टलाही ही जखम उघडी ठेवण्यात रस आहे. 2010 मध्ये हंगेरीनं सीमेपलीकडच्या हंगेरियनांना हंगेरीत न राहताही नागरिकत्व देऊ केलं, पुढे मताधिकारही दिला, आणि 4 जून हा ‘राष्ट्रीय एकजुटीचा दिवस’ ठरवला. 2020 मध्ये संसदेसमोर जमिनीत उतरत जाणारं लांबलचक स्मारक झालं, त्याच्या भिंतींवर जुन्या हंगेरीतल्या बारा हजारांवर गावांची नावं कोरलीत. त्याच वर्षी रोमानियाचे अध्यक्ष क्लाउस योहानिस यांनी टीव्हीवर हंगेरियनमध्ये अभिवादन करून विरोधी पक्ष ट्रान्सिल्व्हेनिया विकायला निघालाय असा आरोप केला. भेदभावविरोधी मंडळानं त्यांना 5 हजार लेईंचा दंड केला. ते स्वतः ट्रान्सिल्व्हेनियातले सॅक्सन.

मे 2025 च्या अध्यक्षीय निवडणुकीत तर वेगळाच प्रसंग आला. एका बाजूला कट्टर राष्ट्रवादी जॉर्जे सिमियोन, जे 2019 मध्ये सेकेई भागातल्या एका लष्करी दफनभूमीवरच्या झटापटीमुळे हंगेरियनांना चांगलेच ठाऊक होते. दुसऱ्या बाजूला बुखारेस्टचे महापौर निकुशोर दान. हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांनी एका भाषणात सिमियोन यांच्याबद्दल सहमतीचा सूर लावला. रोमानियातल्या हंगेरियन पक्षानं लगेच जाहीर केलं की आमचा पाठिंबा दान यांना, आणि हर्गिता जिल्ह्यानं दान यांना नव्वद टक्क्यांवर मतं दिली. बुडापेस्टहून आलेला इशारा सेकेई मतदारांनी ऐकला आणि बुखारेस्टमध्ये कोण बसावं, ते आपल्या हिशेबानं ठरवलं.